भागाबाईची अठरा नखं

मी एकदा एका मांजराची नखं गावच्या न्हाव्याकडून मुळापासून काढायला लावली होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढं मी शहाणपणाच्या गोष्टी सांगायला लागले की वाचकांना मला अडवणं सोपं जाईल.

संपादकांचं पत्र आलं, की आपल्या सेवामय जीवनातले काही प्रेरक प्रसंग दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा. माझ्या नातीनं ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा ‘सेवामय’पाशी हसली. मी आठवायला बसले. प्रेरक म्हणावं असं जे जे घडलं ते दुसऱ्यांनी केलेलं निघालं. मी फक्त शेजारी उभी होते. स्वतःच्या अकलेनं, कुणाचं न ऐकता, मनापासून केलेलं असं एकच ठळक काम सापडलं. ते हे मांजराचं.

तेव्हा आमच्याकडं निजामाचा अंमल होता. सरकारी दवाखान्याला शफाखाना म्हणत. नवरा प्लेगात गेला, पदरात एक मुलगी, म्हणून मामानं मला जिल्ह्याच्या शफाखान्यात नर्सचं काम शिकायला घातलं. वर्षभरात मी पट्टी बांधायला, पाणी उकळायला, काखेत काच लावून ताप बघायला शिकले. एवढ्या विद्येवर मी इतकी फुगले होते, की भाजी निवडतानासुद्धा आधी हात लाल औषधाच्या पाण्यात बुडवायची. आई म्हणायची, भाजी बरी होईल ना गं?

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लोकांना वाटतं, नर्स म्हणजे औषध पाजणारी. औषध पाजायला एक चमचा आणि एक आई पुरते. नर्सचं खरं काम असतं घरच्यांना काय काय करू न देणं. जखमेवर शेण लावू न देणं, तापातल्या लेकराला सात गोधड्यांखाली कोंबू न देणं, मावशीनं आणलेला अंगारा डोळ्यात जाऊ न देणं. जिथला रोगी शफाखान्यात आणण्यासारखा नसेल तिथं डॉक्टरसाहेब आम्हाला घरी राहायला पाठवत. तसं मला नांदूरघाटकडं एका पाटलाच्या घरी पाठवलं. महिनाभरासाठी गेले, पाच महिने राहिले. त्यातले चार महिने मी केलेलं निस्तरण्यात गेले.

रोगी सहा वर्षांचा होता. नाव अंकुश. दिसायला टुकटुकीत, डोळे मोठे, केस पाठीवर लांब मुलीसारखे आणि कान न टोचलेले. त्या घरात कान न टोचलेला तो एकटाच. त्याचा मामा लहानपणी कान टोचल्यावर गेला होता. टोचलं सकाळी, रक्त थांबलंच नाही. म्हणून अंकुशच्या आईनं सोनाराला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पण जावळ कसं चुकवणार? ते नारायणगडावर काढलं, आणि दगडू न्हाव्याच्या वस्तऱ्याचा नखाएवढा कापा लागला. लेकराचं डोकं दोन दिवस गळत होतं. तेव्हापासून दगडूला अंकुशच्या केसाला हात लावायची बंदी, आणि त्या घरात काहीही फुटलं, सांडलं, नासलं तरी दगडूचं नाव निघायचं.

डॉक्टरसाहेबांनी या दुखण्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव सांगितलं होतं. मी पाटलिणीला सांगितलं ते असं, की तुमच्या-आमच्या रक्ताला बाहेर आलं की विरजण लागतं, ते घट्ट होतं. याच्या रक्ताला विरजण लागत नाही, ते दूधच राहतं. हे मात्र मी बरं सांगितलं होतं, असं अजून वाटतं. ते ऐकून ती माउली म्हणाली, “मंजी माजंच विरजन वाईट.”

या लेकराला बाहेर खेळायची बंदी. विटीदांडू नाही, झाड नाही, धाकटा चुलतभाऊसुद्धा नाही, कारण तो ढकलतो. सवंगडी एकच. घरची मांजर, नाव भागाबाई. करड्या पाठीची, पांढऱ्या पोटाची, एक कान फाटलेला. त्या घरात मला सगळे “ओ नर्सबाई” म्हणत आणि मांजराला “भागाबाई” म्हणत. मानाची उतरंड कळायला मला एक दिवस लागला.

डॉक्टरसाहेब तपासायला आले तेव्हा भागाबाई अंकुशच्या मांडीवर झोपलेली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “ये बिल्ली आज के आज निकालो.” त्यांच्या पुढ्यात पाटलांनी मान हलवली. टांगा वेशीबाहेर गेल्यावर मला म्हणाले, “भागाबाई जायाची न्हाई. दोन बळदं जवारीनं भरलेत. मांजर गेली की उंदरं येतेत, उंदरं आली की पिलेग येतो. दोन बारी गाव सोडून माळावर ऱ्हायलो आमी. माजा थोरला भाऊ तितंच गेला. तुमी शिकलेल्या हाव, तुमीच कायतरी मार्ग काढा.”

आता बघा पेच. मांजर राहिली तर एका ओरखड्यात लेकरू जातं. मांजर गेली तर घरावर उंदीर येतात. शिवाय पोरगं आधीच म्हणून बसलेलं, की भागाबाईला पाठवलं तर मी जेवणार नाही. अशा वेळी अनुभवी बाईनं चार दिवस गप्प बसून मांजर कधी चिडते, पोरगं कसं धरतं, हे नुसतं बघितलं असतं. पण मी होते एकवीस वर्षांची विदुषी. मी जागच्या जागी निकाल दिला. ओरखडा कशानं होतो? नखांनी. मग नखंच काढून टाकू.

दगडूला बोलावणं गेलं. तो धोकटी घेऊन आला, अंगणात उकिडवा बसला आणि म्हणाला, “कुनाची हजामत?”

“भागाबाईची नखं काढायची.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पाटलांकडं, मग मांजराकडं. “पाटील, मी मानसाचा न्हावी. उद्या बैलाची मिशी काडाया सांगताल.”

“काड म्हनल्यावर काड बे,” पाटील म्हणाले आणि शेतावर निघून गेले.

मांजराची नखं काढायची तर आधी मांजर धरावी लागते. तीही मी योजना केली होती. तिला गोणपाटात गुंडाळायची, फक्त तोंड आणि एकेक पाय बाहेर. त्या योजनेत भागाबाईचं मत घेतलं नव्हतं. गडी दोन, मी एक, न्हावी एक, असे आम्ही चौघं त्या चार शेर वजनाच्या जिवाला धरायला धडपडत होतो. एका गड्याच्या हातावर तिनं माझ्या योजनेवरचा पहिला शेरा लिहिला. अंकुशला ओसरीवर आईजवळ बसवलं होतं, खाली उतरायचं नाही म्हणून बजावून.

मागचे पाय ठीक झाले. दगडू नखं काढायची नराणी हातात धरून नखाचं नुसतं टोक उडवायचा, हरभऱ्याच्या सालीएवढं.

मी म्हटलं, “एवढ्यानं काय होतंय? आतून काढा.”

“बाई, नखात जीव आस्तो. ही पांडरी मेलेली बाजू, ही तांबूस जिती. जित्याला हात लावू नये. आमी मानसाचं बी टोकापुरतंच घेतो.”

“मला शिकवू नका. मी शफाखान्यात शिकलेय.”

हे वाक्य मी त्या काळात दिवसातून दहा वेळा म्हणत असे. शफाखान्यात मांजर मी एकदाच पाहिली होती, आणि तीसुद्धा स्वयंपाकघराच्या कौलांवर. पण नारायणगडापासून त्या घरात दगडू आधीच अर्धा मेलेला माणूस, शिकलेल्या बाईशी वाद कुठं घालणार? त्यानं पुढचा पाय हातात घेतला, डोळे बारीक केले आणि मी दाखवलं तिथून नख कापलं. पहिलं. दुसरं. तिसऱ्याला भागाबाई अशी ओरडली, की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. पंजातून रक्त आलं. फार नाही, थेंब थेंब.

“बाई, रगत आलं.”

“थोडं येणारच. पुढचं घ्या.”

इथं मला एक गोष्ट सांगायची राहिली, आणि सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. त्या घरात आल्यापासून मी अंकुशला एक धडा रोज घोकवत होते. त्याच्या गळ्यात स्वच्छ फडक्याची एक पट्टी बांधून ठेवली होती. कुठंही रक्त दिसलं, की पट्टी काढायची, जखमेवर ठेवायची आणि दाबायचं. “दाब, सोडू नको, उघडून बघू नको.” ही तीन वाक्यं तो जेवताना, आंघोळीला, झोपताना म्हणायचा. कशानंच थांबत नसलेलं रक्त पुष्कळदा नुसत्या दाबण्यानं थांबतं, पण लोक दर घडीला फडकं उचलून बघतात आणि पुन्हा सुरू करतात. म्हणून तो धडा. तो धडा बरोबर होता. मी त्याला हे सांगायचं विसरले होते, की हा धडा कुणाच्या रक्तासाठी आहे.

त्यानं भागाबाईच्या पंजाचं रक्त बघितलं. आईच्या हातातून कधी निसटला कुणाला कळलं नाही. गळ्यातली पट्टी ओढत तो आला, पंजा दोन्ही हातांत धरला आणि दाबला. दुखऱ्या नखावर कुणी दाबलं तर मांजर काय करते, ते मांजराला शफाखान्यात जाऊन शिकावं लागत नाही. तिनं मान वळवली आणि त्याच्या मनगटात दात रोवले.

दात. अठरा नखांचा हिशेब मी केला होता. दातांचा कुणी करायचा?

आम्ही चौघं ओरडलो. “सोड, सोड!” तो सोडेना. डोळे मिटून, ओठ आवळून, दाबून बसला. दगडूनं मांजराच्या मानेला धरून तिला सोडवली तेव्हा कुठं पोराचा हात मोकळा झाला. मनगटावर चार भोकं. दोन उथळ, दोन खोल.

पुढचे दोन दिवस मी काय केलं ते लिहायला चार ओळी पुरतील, कारण मी एकच गोष्ट केली. उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुतली, तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवलं, हात उशीवर उंच ठेवला आणि अंगठ्यानं दाबून बसले. माझा हात वळला की त्याची आई दाबायची. तिचा वळला की मी. फडकं तांबडं व्हायचं, वरून दुसरं ठेवायचो, खालचं उचलायचं नाही. लेकराचे ओठ दुसऱ्या दिवशी दुपारी भुईमुगाच्या सालीच्या रंगाचे झाले.

आणि या दोन दिवसांतली एक गोष्ट, जी मी माझ्या मुलीलाही पुष्कळ उशिरा सांगितली. पाटील शेतावरून धावत आले तेव्हा अंगणात दगडू उभा होता, हातात रक्ताची नराणी. पाटलांनी काही विचारलंच नाही. “आदी जावळात, आता ह्यात! माज्या लेकराचा काळ हाय का बे तू?” असं ओरडून त्याची धोकटी वेशीपर्यंत फेकली. गावात सांगितलं, याला खळ्यावर उभं करायचं नाही. म्हणजे त्याचं वर्षाचं धान्य बंद. मी ओसरीवर होते. मला सगळं ऐकू येत होतं. मी म्हणू शकले असते, की त्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी अंगठा दाबून बसले आणि मनाशी म्हटलं, आत्ता बोलायला माझे हात मोकळे नाहीत. जणू मी हातांनी बोलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं कोरडं राहिलं. मी ते उचलून बघितलं नाही, मीच शिकवल्याप्रमाणं. दुपारपर्यंत वाट बघितली. कोरडंच. मग उठले, न जेवता पाटलांसमोर गेले आणि सगळं सांगितलं. पाटील म्हणाले, “मंग दोन दिस गप कावून बसल्या?” मी म्हटलं, “भ्याले.” ते म्हणाले, “हे चांगलं हाय. आमी अडानी समजत व्हतो शिकल्यावर भ्या जातं.”

खळ्याची बंदी उठली, हे सांगायला दगडूकडं मी स्वतः गेले. तो दारात वस्तरा सहाणेवर घासत होता. माफी मागायचं भाषण मी रस्त्यात तयार केलं होतं. त्यानं ते अर्ध्यावर तोडलं. “असू द्या नर्सबाई. मला सवय हाय. पर एक सांगा, नखात जीव आस्तो का न्हाई?”

“असतो,” मी म्हटलं.

“मंग झालं,” म्हणाला आणि परत वस्तरा घासायला लागला.

त्यानंतर मांजर पाठवायचीच असं पाटलांनी ठरवलं. उंदीर आले तर आले. आठवड्याच्या बाजारी गाडी युसूफ वडगावला जाणार होती, तिच्यात भागाबाईला टोपलीत घालून न्यायचं आणि तिकडं सोडून द्यायचं. हे अंकुशला कोण सांगणार? अर्थात ज्या बाईनं हे सगळं उभं केलं तिनं. मी सांगायला गेले, आणि परत येऊन पाटलांना म्हटलं, मांजर राहू द्या, मी राखते. तो काय बोलला ते शेवटी लिहिते. आधी सांगितलं तर पुढचं कुणी वाचणार नाही, आणि पुढचंच खरं उपयोगाचं आहे.

तर मग मी चार महिने मांजर राखली. आधी आठ दिवस नुसतं बघितलं. जे पहिल्या दिवशी करायचं होतं ते. भागाबाई कधी चिडते ते कळलं. खाताना हात लावला की, पोटाला हात लावला की, झोपेतून उचललं की. अंकुश तिला उचलायचा, तिथंच ओरखड्याचा धोका होता. मग नियम केला, की भागाबाईला उचलायचं नाही. ती स्वतः मांडीवर आली तर हात फक्त डोक्यावर आणि पाठीवर, पोटाला नाही. तिचं दूध-भाकरीचं ताट गोठ्यात हललं, जिथं त्याला जायची बंदी. खेळायचं तर तुरीच्या लांब काठीला चिंधी बांधून, हात कधीच खेळणं करायचं नाही. त्याला जाड कापडाची लांब बाह्यांची बंडी शिवली. पिल्लं झाली की पंधरा दिवस बळदाच्या खोलीला कडी. रात्री ती बळदापाशी, तो आईपाशी, मधे दार. उंदरांनाही हे सोयीचं नव्हतं, ही जमेची बाजू.

आणि नखं. दर आठ-दहा दिवसांनी दगडू यायचा. गोणपाट नाही, चौघं नाहीत. भागाबाई जेवून उन्हाला पडली की तो शेजारी बसायचा, तिच्याशी गावगप्पा करायचा आणि पंजा हलकाच दाबून एका नखाचं पांढरं टोक उडवायचा. एका बैठकीत चार नखं झाली तर भरपूर. उरलेली उद्या. मी बाजूला पाटावर बसून शिकत होते. मला नखं काढायला शिकवणारा गुरू म्हणजे तो. माझ्या शफाखान्याच्या सनदेवर त्याचा अंगठा असायला हवा होता.

महिना उलटल्यावर तो म्हणाला, “पाटलीनबाई, लेकराच्या नखाचं बी बगू का? लई वाढल्यात.” अंकुशची आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, “काढू द्या. याला जितं आणि मेलेलं कळतं.” सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरानं त्या माणसाच्या हातात त्या लेकराचं बोट दिलं. एक थेंब आला नाही.

पुढं माझं नाव पसरलं, पण ज्यासाठी पसरायला हवं होतं त्यासाठी नव्हे. मी मोठ्या तापांतून माणसं काढली, पण केज तालुक्यात मला ओळखायचे ‘मांजरवाली नर्सबाई’ म्हणून. एकदा युसूफ वडगावला सातव्या महिन्यात झालेलं लेकरू होतं, कापसात गुंडाळून सुपात ठेवलेलं. त्यांची मांजर सारखी त्या उबेत शिरून बसायला बघायची. पोराच्या तोंडावर बसली असती तर पोर गुदमरलं असतं. घरचे काठी घेऊन पाळीनं राखण करत होते. मी काठी बाजूला ठेवायला सांगितली, मांजराला चुलीमागं कापसाची आणखी एक टोपली करून दिली, खाली गरम विटेचा तुकडा, आणि लेकराच्या सुपावर बांबूची पाटी पालथी घातली, हवा खेळेल अशी. मांजर विटेवर गेली ती तिथंच राहिली. लोकांना वाटलं, बाईकडं मंत्र आहे. मंत्र एवढाच, की मांजराला काय हवंय ते आधी बघायचं. तो मला चार भोकांनी शिकवला होता.

अंकुश मोठा झाला. भागाबाई गेली, तिच्या मागं तिच्या दोन लेकी त्याच्या मांडीवर म्हाताऱ्या झाल्या. त्यातल्या एकीचाही ओरखडा त्याला कधी बाधला नाही. तो गेला एकोणिसाव्या वर्षी, एका दाढेपायी. बाजारात बसणाऱ्या कुणीतरी चिमट्यानं काढून दिली. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते, आठ दिवसांनी कळलं. कुणीतरी तिथं दाबून बसलं असेल का, उघडून बघितलं असेल का, हे मी अजून मनाशी विचारते. मांजरांपासून मी त्याला वाचवलं. माणसांपासून वाचवायचा धडा माझ्याकडं नव्हता.

आता तो काय बोलला ते. तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ. पांढराफटक पडलेला, उशीवर हात, आवाज माशीएवढा. मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, बाळा, भागाबाईला आता दुसऱ्या गावी पाठवणार. तो रडला नाही. त्यानं आधी विचारलं, तिच्या पायाचं रक्त थांबलं का? मी म्हटलं, हो, त्याच वेळी थांबलं. तेव्हा त्याच्या तोंडावर जे हसू आलं तसं मी नंतर मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावरसुद्धा बघितलं नाही. मग तो म्हणाला:

“बाई, तुमीच म्हनलतं ना, सोडू नको. ती चावली तरी म्या सोडलं न्हाई. माजं थांबत न्हाई, पर तिचं म्या थांबिवलं का न्हाई?”